जलपर्णी काढून नदी साफ होत नसते

गेल्या शनिवारी सकाळी चिंचवडला मोरया गोसावींच्या घाटावर गेलो होतो. आई गावाहून आली होती, तिला दर्शन घ्यायचं होतं. दर्शन झालं आणि नेहमीच्या सवयीने ती पाण्यात पाय बुडवायला पायऱ्या उतरली. चौथ्या पायरीवर थांबली. समोर पाणीच नव्हतं! या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार मैदान, मध्ये जांभळी फुलं आणि त्यावर दोन बगळे आरामात चालतायत.

"अरे, नदी कुठाय?"

"खाली आहे. काढतील महिन्याभरात. दरवर्षी टेंडर निघतं," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझीच मला लाज वाटली. दरवर्षी? ऑफिसात एखादा सर्व्हर दर आठवड्याला रीस्टार्ट करावा लागत असेल तर आपण त्याला 'व्यवस्थित चालू आहे' म्हणत नाही. मेमरी कुठे लीक होतेय ते शोधतो. नदीच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षं रीस्टार्टचं बटण दाबतोय आणि बिल भरतोय.

मग नेहमीप्रमाणे रात्री वाचत बसलो. पाण्यात हिरवं का वाढतं, किती वाढतं, कशाने थांबतं. वाचता वाचता पवनेवरून थेट उत्तर ध्रुवाजवळ पोचलो. सोमवारी कँटीनमध्ये हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "म्हणजे आपल्या टॅक्सच्या पैशातून लोक तिकडे बर्फात जाऊन शेवाळ मोजतात? आधी इथलं शेवाळ काढा म्हणावं!" सगळे हसले. मीही हसलो. पण हे वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते बरोब्बर उलटं आहे.

तिकडे मोजतात म्हणून तिकडचं कळतं. इकडे नुसतं काढतात, म्हणून काहीच कळत नाही.

तर आधी तिकडचं. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार्ड बेटांवर न्यू ओलेसुंद इथे आहे, जवळपास ७९ अंश उत्तरेला. समोर कॉंग्सफियॉर्डन नावाची चिंचोळी खाडी, जिच्यात हिमनद्या थेट उतरतात. या खाडीत २०१४ साली आपल्या लोकांनी 'इंडआर्क' नावाची उपकरणांची साखळी पाण्याखाली नांगरून ठेवली.

तिथली गोष्ट मोठी मजेशीर आहे. हिवाळाभर अंधार, त्यामुळे पाण्यातलं खत (नायट्रेट, फॉस्फेट वगैरे) कोणी खात नाही, ते साठत राहतं. एप्रिल-मे मध्ये ऊन आलं की सूक्ष्म वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, एकदम फोफावतं. काही आठवड्यांत वरच्या थरातलं नायट्रेट जवळजवळ फस्त! मग उपासमार. उन्हाळ्यात हिमनदीच्या तळातून वितळलेलं गोडं पाणी सुटतं, ते हलकं म्हणून वर उसळतं आणि वर येताना खोलवरचं खतयुक्त खारं पाणी ओढून आणतं. जणू फुकटचा पंप. पण त्याच पाण्यात दगडाची बारीक पिठी असते, ती उजेड अडवते. म्हणून हिमनदीच्या तोंडाशी खत आहे पण ऊन नाही. थोडं दूर, पाणी निवळतं तिथे, दोन्ही मिळतात आणि वाढ होते. हिमनदी मागे सरकून जमिनीवर गेली की तो पंपच बंद. मग प्लवक कमी, मासे कमी, सगळी साखळीच हलते.

आता आकडा बघा. त्या खोल पाण्यात नायट्रेट असतं लिटरला साधारण १० मायक्रोमोल, म्हणजे जेमतेम ०.१४ मिलिग्रॅम नायट्रोजन. एवढ्याशा खतावर अख्ख्या खाडीचा वसंत ऋतू चालतो. आणि आपलं घरगुती सांडपाणी? लिटरला साधारण ४० मिलिग्रॅम नायट्रोजन आणि ५ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस. शेकडो पट! वर ऊन तर बारा महिने फुकट. आणि आपण विचारतो, जलपर्णी कुठून येते बुवा.

अजून एक हिशेब. समुद्री प्लवकांच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण सरासरी १०६:१६:१ असतं. रेडफिल्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे दाखवलं. यावरून सरळ त्रैराशिक मांडा. १ ग्रॅम फॉस्फरस सुमारे १०० ग्रॅमपेक्षा जास्त सुकं शेवाळ तयार करू शकतो. ते मेल्यावर कुजायला सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो.

इथे माझी ट्यूब पेटली. आपला सांडपाणी प्रकल्प पास की नापास हे मुख्यतः बीओडीवर ठरतं, म्हणजे ते पाणी नदीतला किती ऑक्सिजन खाणार यावर. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण २५०, तो १० वर आणला की टाळ्या. पण समजा त्याच स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फॉस्फरस उरला. ३ गुणिले १४० म्हणजे ४२०! आपण काढला त्यापेक्षा जास्त ऑक्सिजनचा खर्च पुढे कोणाच्या तरी खात्यावर टाकून मोकळे. मान्य, प्रत्येक ग्रॅमचं शेवाळ होत नाही. ऊन, प्रवाह, नायट्रोजन, सगळं जुळावं लागतं. पण जुळलं तर काय होईल याची ही कमाल मर्यादा आहे, आणि ती रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे आमच्या एसटीपीचा रिपोर्ट मागितला. त्यात फॉस्फरसचा रकानाच नाही.

"काका, फॉस्फरस नाही का तपासत?"

"अरे बाबा, मागत नाही कोणी. मागत नाहीत ते कशाला मोजायचं?"

काकांचं काय चुकलं? २०१५ साली केंद्राने एसटीपीसाठी नव्या मर्यादांचा मसुदा काढला, त्यात एकूण नायट्रोजनला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत ती गायब झाली. २०१९ मध्ये हरित लवादाने नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या मर्यादा आणायला सांगितल्या. प्रश्न सगळ्यांना माहीत आहे, फक्त रकाना नको आहे. रकाना आला की आकडा येतो आणि आकडा आला की उत्तर द्यावं लागतं.

नेहमीचे युक्तिवाद मला पाठ आहेत.

एक, "जलपर्णी काढली की खतही निघून जातं ना?" जातं, जर ती दूर नेली तर. काठावर ढीग लावला तर तो तिथेच कुजतो आणि पहिल्या पावसात खत परत नदीत. शिवाय जलपर्णी उजेड अडवते, तिकडच्या दगडाच्या पिठीसारखीच. ती काढली आणि खत तसंच ठेवलं तर खालच्या सूक्ष्म शेवाळाला ऊन मोकळं. हिरवं जाऊन हिरवं येतं.

दोन, "फॉस्फरस हाच दोषी कशावरून?" १९७३ मध्ये कॅनडात शिंडलर यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. इतकं स्वच्छ ए-बी टेस्टिंग आमच्या प्रॉडक्ट टीमलाही जमत नाही. नदी म्हणजे तळं नव्हे, तिथे नायट्रोजनही बघावा लागेल. पण म्हणून दोन्ही मोजायचं नाही, हा कुठला न्याय?

तीन, "खर्च फार." तुरटी किंवा लोहाचे क्षार टाकून फॉस्फरस खाली बसवणं ही काही रॉकेट सायन्सची गोष्ट नाही, जगात अनेक दशकं चालू आहे. सिएटलने १९६० च्या दशकात वॉशिंग्टन तळ्यात जाणारं सांडपाणी वळवलं आणि पुढच्या दशकात ते तळं निवळलं. युरोपियन युनियनने २०१३ मध्ये कपड्यांच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर मर्यादा घातली. (चाकण-भोसरीत पेंटशॉपला असणाऱ्या मंडळींनो, फॉस्फेटिंगनंतरचं धुण्याचं पाणी कुठे जातं, हे सोमवारी विचाराल का?)

आणि चौथा, सगळ्यात लाडका: "पावसाळ्यात वाहून जातं रे सगळं." कुठे? रावेतला आपण पवनेचं पाणी उचलतो, पितो, वापरतो आणि खाली सोडतो. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला. इंद्रायणी आळंदीवरून तुळापूरला भीमेला. भीमा उजनीत. म्हणजे आपलं सगळं खत उजनीच्या संथ, उबदार, उन्हातल्या पाण्यात जाऊन बसतं. खत आहे, ऊन आहे, अडवणारं काही नाही. उजनीचं पाणी हिरवं झाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पुढचं पान उलटतो. तेच पाणी सोलापूर पितं. तेच भीमेतून पंढरपूरला जातं. देहू-आळंदीहून पालखी निघायच्या आधीच आपलं सांडपाणी चंद्रभागेच्या वाटेला लागलेलं असतं.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. काही निळं-हिरवं शेवाळ विष तयार करतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी तळ्यातल्या अशाच शेवाळाच्या विषामुळे ४ लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळून काही उपयोग नसतो त्याचा.

माणूस रोज किमान १ ग्रॅम फॉस्फरस शरीराबाहेर टाकतो. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडचे आपण १७ लाख २७ हजार होतो. म्हणजे तेव्हाच रोज पावणेदोन टन, साबण-पावडर सोडून. आता किती, ते तुम्हीच गुणाकार करा.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक एसटीपीच्या रिपोर्टमध्ये दोन रकाने वाढवा: एकूण नायट्रोजन, एकूण फॉस्फरस. रावेतच्या वर आणि दापोडीच्या खाली हेच दोन आकडे दर महिन्याला जाहीर करा. नदीकाठी बाक, दिवे आणि जॉगिंग ट्रॅक नंतर करा. लॉग न बघता डिबगिंग करणाऱ्याला आपण टीममध्ये ठेवत नाही, मग नदीच्या बाबतीत का चालवून घेतो?

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. आमच्या पाण्याचा नमुना स्वखर्चाने प्रयोगशाळेत द्यायची काकांकडून परवानगी काढलीय. काका म्हणाले, "आकडा वाईट आला तर?"

तर निदान आकडा तरी असेल, काका.

आई रविवारी गावी परत गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी येईन तेव्हा पाय बुडवीन." मी हो म्हणालो नाही.