इंदिरा संत यांची कविता : चरित्रापलीकडचे वाचन

इंदिरा संत यांची कविता म्हणजे १९४६ साली पती ना. मा. संत यांच्या निधनानंतरचा दीर्घ विलाप, आणि म्हणून डेरेक वॉलकॉट यांच्यासारख्या कॅरिबियन कवीला लावली जाणारी वसाहतोत्तर समीक्षा, म्हणजे परसत्तेने भाषा, भूमी व स्मृती यांवर उमटवलेल्या खुणांच्या आधारे साहित्य वाचण्याची पद्धत, तिला गैरलागू ठरते, हे मागील अंकातील लेखाचे प्रतिपादन एकांगी आहे. वॉलकॉट यांचे ‘अनदर लाइफ’ (१९७३) हे काव्यही आत्मचरित्रात्मकच. तरी तेथे चरित्र वाचकाला सेंट लुशियाच्या इतिहासाकडे नेते. बेळगावात आयुष्य वेचलेल्या इंदिराबाईंबाबत मात्र चरित्राचेच कुंपण घालण्यात आले, हा त्या कवितेवरचा अन्याय होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. ‘मृगजळ’ (१९५७) व ‘रंगबावरी’ (१९६४) हे संग्रह त्यानंतरचे. त्यांत ओळीओळीला सीमाप्रश्न शोधणे हटवादी ठरेल, हे खरे. परंतु ‘मालनगाथा’साठी स्त्रियांची लोकगीते संकलित करणाऱ्या या कवयित्रीच्या शब्दकळेत सीमाभागातील बायकांच्या मौखिक परंपरेचा वाटा किती, हा प्रश्न, बार्बाडोसचे कवी कमाऊ ब्रेथवेट यांनी लोकांच्या बोलीतील लयीला जे मध्यवर्ती स्थान दिले त्याच्या प्रकाशात, तपासण्याजोगा असून त्या लेखाने तो उपस्थितही केलेला नाही.