शब्दविनोद : स्वतःची साक्ष देणारे उत्तर

वाल्या कोळ्याच्या मुखी रामनाम येईना, म्हणून त्याला 'मरा, मरा' असे म्हणावयास सांगितले आणि त्यातूनच 'राम, राम' असा जप उमटला, ही कथा आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. कथेतील भक्तीचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तर हाती उरते ती शब्दांची एक करामत. अक्षरे तीच; क्रम तेवढा फिरला आणि अर्थाचे दुसरे टोक गाठले गेले. इंग्रजीतील गूढ शब्दकोड्यांचा सारा खेळ अशाच करामतींवर उभा आहे.

शब्दकोडे जन्मले अमेरिकेत. मूळचे लिव्हरपूलचे असलेले आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे दिले, तेथून ही प्रथा सुरू झाली. त्यातील संकेत सरळ होते : अर्थ दिलेला, शब्द ओळखावयाचा. त्यांत वक्रता आणली ती इंग्रजांनी. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' साप्ताहिकात १९२६ पासून एडवर्ड मॅथर्स हे 'टॉर्केमाडा' या नावाने कोडी रचीत. १९३९ मध्ये ते निवर्तल्यावर ते आसन डेरिक मॅकनट या ग्रीक-लॅटिनच्या शिक्षकांकडे आले व त्यांनी 'झिमेनीझ' हे नाव घेतले. दोन्ही नावे स्पेनमधील धर्मपीडनाच्या न्यायासनावर बसलेल्या अधिकाऱ्यांची आहेत! नाव असे छळाचे. परंतु १९६६ साली मॅकनट यांनी या कलेवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा सारा भर सोडविणाऱ्याला न्याय देण्यावर आहे. त्यांच्या पंथाचा दंडक थोडक्यात असा : संकेतात उत्तराचा नेमका अर्थ असावा, त्याच उत्तराकडे नेणारी अक्षरांची दुसरी वाट असावी, आणि या दोहोंवाचून एकही शब्द जास्त नसावा. कोडेकाराने खुशाल चकवावे. खोटे मात्र बोलू नये.

मराठीत एक संकेत रचून पाहू : 'नेहमी मागे फिरणारा सेवक (२)'. वाचताच डोळ्यांपुढे धन्याच्या पाठोपाठ हिंडणारा गडी येतो, आणि कोडेकाराला तेच हवे असते. आता चित्र विसरून केवळ शब्द पाहावेत. 'नेहमी' म्हणजे 'सदा'. ते 'मागे फिरले', म्हणजे उलटे वाचले, की होते 'दास'. आणि दास म्हणजे सेवक. दोन वाटा एकाच दाराशी आल्या. असेच दुसरे : 'चिखलात फुललेले मोडके कलम (३)'. येथे आंब्याचे कलम मनात आले की फसगत झालीच. 'कलम' ही अक्षरे मोडून पुन्हा जुळविली की 'कमल' होते.

या दुसऱ्या वाटेचे मोल कळावयास एक साधा संकेत शेजारी ठेवावा : 'तळ्यात असते (३)'. याचे उत्तर कमल, बदक की मासळी? तिन्ही बसतात. कोडेकाराच्या मनात कोणते होते, एवढाच प्रश्न उरतो. आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखणे ही बुद्धीची परीक्षा नव्हे.

आपल्या देशात या भेदाला एकदा पैशाचे रूप आले होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मोठमोठ्या रकमांच्या बक्षिसी शब्दकोड्यांचे पेव फुटले. प्रवेशमूल्य भरावयाचे, दोन सारख्याच योग्य शब्दांतून एक निवडावयाचा. आणि ज्याची निवड संपादकाजवळच्या मोहोरबंद उत्तराशी जुळेल, तो धनी. पुढे १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने अशा स्पर्धांतील बक्षिसास महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने, जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धा आणि द्यूत यांतील भेद स्पष्ट केला, व द्यूताला व्यापाराचे संरक्षण नाकारले. चांगल्या गूढ संकेताला मोहोरबंद लिफाफा लागतच नाही. 'दास' हे उत्तर सापडताक्षणी ते बरोबर असल्याचे सोडविणाऱ्यास स्वतःच कळते. त्यासाठी संपादकाचे तोंड पाहावे लागत नाही.

आता, हे सारे इंग्रजीतून आणता येईल काय? अनुवादाचे काम करणाऱ्या मनुष्याने येथे हात टेकावेत हे बरे. इंग्रजीतील एक प्रसिद्ध संकेत म्हणजे नुसती अक्षरांची ओळ : एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. उत्तर पाच अक्षरांचे, 'वॉटर'. कारण ही ओळ 'एच टू ओ' अशी आहे, म्हणजे एचपासून ओपर्यंत, आणि रसायनशास्त्रात पाण्याचे सूत्रही तसेच उच्चारतात. याचे भाषांतर करणे म्हणजे मुठीत पाणी नेणे होय. संकेत भाषांतरित होत नाही. तो नव्याने रचावा लागतो.

आणि रचावयास बसले की मराठीच्या अडचणी दिसू लागतात. कानामात्रेसह सबंध अक्षर एका घरात बसत असल्याने इंग्रजीइतकी अक्षरांची उलथापालथ होत नाही. (काना तोडून वेगळा करावा असे सुचविणारे भेटतात, मला ती लबाडी वाटते.) लिंग तर चहाडखोरच. 'विजयी वीराच्या गळ्यातील पराभव (२)' याचे उत्तर 'हार'. पण गळ्यातला तो हार आणि पराभवाची ती हार, म्हणून कोठे 'तो' वा 'ती' लिहिले की गुपित फुटते. 'गळ्यातील' या रूपाला लिंग नाही, म्हणून निभावले.

भांडवलही आपले कमी नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले, त्यांतील 'समागता' या प्रकारात पदांच्या सांध्यात अर्थ दडविलेला असतो. 'मन दीन; आत वाहते ती (२)' या संकेतात 'नदी' शब्दांच्या सांध्यातच सापडेल. श्लेष तर घरचाच : 'प्रहारापाठोपाठ हत्ती आला, तरी हा पंढरीला पायीच निघाला (४)'. प्रहार म्हणजे वार, हत्ती म्हणजे करी. पुढचे सांगावयास नको.

पुढील अंकापर्यंत वाचकांनी एवढे सोडवून ठेवावे : 'पुढून पाहिले काय, मागून पाहिले काय, पुनर्जन्म तोच (५)'. उत्तर बरोबर आहे किंवा कसे, हे आम्हांस पत्र लिहून विचारण्याची गरज पडू नये.