मुद्दाम केलेल्या चुका

"तू ऑफिसात नेमकं करतेस तरी काय?" असं मी परवा भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, मी दिवसभर शून्यानं भागाकार करते."

ती पुण्यात संगणकाचे प्रोसेसर तपासणाऱ्या एका गटात काम करते. आमच्या वेळी शून्यानं भागलं की मास्तर कान पिळत. हिला त्याचा पगार मिळतो! मी उभी हयात बँकेत काढली. चूक शोधणं हे आमचं काम, मुद्दाम चूक करणं नव्हे. पण तिनं चहा निवेपर्यंत जे समजावून सांगितलं, ते ऐकून मला माझीच एक जुनी सही आठवली. ती हकीकत पुढे सांगतोच.

प्रोसेसर म्हणजे हुकमाचा ताबेदार. एकामागून एक सूचना पाळत जायचं, एवढंच त्याला ठाऊक. पण एखादी सूचना पाळताच येत नाही. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरला पूर्णांकाला शून्यानं भागायला सांगितलं, किंवा त्याच्या नियमपुस्तकात नसलेला हुकूम दिला, तर त्यानं हातातलं काम थांबवायचं, कोणत्या ओळीवर अडलं याची नोंद ठेवायची आणि अशा प्रसंगासाठी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामकडे जायचं. याला 'एक्सेप्शन' म्हणतात. आपण त्याला धोक्याची घंटा म्हणू.

दर वेळी धोकाच असतो असंही नाही. हवं असलेलं पान मेमरीत नसलं तरी घंटा वाजते. मग ते पान डिस्कवरून आणायचं आणि अडलेली सूचना पुन्हा चालवायची. शिपायानं रेकॉर्डरूममधून लेजर आणेपर्यंत क्लार्कनं थांबावं आणि मग त्याच व्हाउचरपासून पुढे चालू करावं, तसंच हे. पण कोणत्या व्हाउचरवर थांबलो, हेच चुकीचं लिहून ठेवलं तर? एक नोंद दोनदा पडेल, नाहीतर एक पडणारच नाही.

म्हणून भाची काय करते, तर आधी स्वतःचा छोटा प्रोग्राम पहाऱ्यावर बसवते आणि मग मुद्दाम चूक करते. घंटा वाजली का? कारण बरोबर सांगितलं का? ओळ तीच नोंदवली का? हल्लीचे प्रोसेसर वेगासाठी पुढच्या सूचना आधीच करायला घेतात. त्यांचा काही मागमूस मागे राहिला नाही ना? आणि जिथे वाजायला नको, तिथे उगाच वाजली नाही ना? रिस्क-फाइव्ह नावाच्या दुसऱ्या घराण्यात तर शून्यानं भागलं तरी घंटा वाजायचीच नसते. ठरलेलं एक उत्तर देऊन पुढे जायचं, असा त्यांचा नियम. म्हणजे तपासणाराला घराण्याची रीतही पाठ हवी.

"एवढी उठाठेव कशाला?" मी म्हटलं. तिनं १९९४ सालचं पेंटियमचं प्रकरण सांगितलं. थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकांना आढळलं, की हा प्रोसेसर काही भागाकार चुकवतो. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागलं तर १.३३३८२ यायला हवं, ते १.३३३७४ यायचं. घंटा वाजायचा प्रश्नच नव्हता, कारण आपण चुकतोय हे यंत्राला कळतच नव्हतं. इंटेलनं त्यापायी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले. पुढे १९९७ साली पेंटियम प्रो आणि पेंटियम टू यांच्यात निराळाच दोष निघाला. काही मोठ्या ऋण संख्या पूर्णांकाच्या घरात मावत नसल्या, तर 'मावत नाही' अशी खूण करायला हे प्रोसेसर चुकत. इथे घंटाच मुकी होती.

मुक्या घंटेशी माझाही परिचय आहे. आमच्या शाखेत कॅशियरच्या टेबलाखाली धोक्याच्या घंटेचं बटण होतं. दर महिन्याला ते दाबून पाहायचं आणि रजिस्टरात 'घंटा तपासली, चालू आहे' असं लिहून सही करायची, हा नियम. भर गर्दीत घंटा वाजली की ग्राहक घाबरतात, हेड कॅशियर वैतागतात. म्हणून मी बटण न दाबताच सही ठोकत असे. असे सात महिने गेले. मग तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर चाळलं, वाकून बटण दाबलं. काही नाही. वायर उंदरांनी कधीच कुरतडली होती. साहेब एवढंच म्हणाले, "सही मात्र सुरेख आहे तुमची."

अर्थात घंटा वाजली म्हणजे सारं निभावलं असंही नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान-५ रॉकेट प्रथमच उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या संगणकात, आडव्या वेगाशी निगडित असलेली एक मोठी संख्या ३२७६७ पर्यंतच मावणाऱ्या जागेत कोंबली गेली. प्रोसेसरनं चोख घंटा वाजवली. पण घंटा वाजली तर संगणकानं बंद पडायचं, असंच ठरवून ठेवलं होतं! जोडीचा राखीव संगणकही त्याच कारणानं क्षणभर आधी बंद पडला होता. हा प्रोग्राम जुन्या एरियान-४ वरून उचललेला. तिथे तो वेग कधी इतका वाढत नसे. नव्या रॉकेटचे वेग घालून तो भाग आधी चालवून पाहिला असता, तर हे जमिनीवरच कळलं असतं, असं चौकशी समितीनं नोंदवलं.

आज रुग्णालयातली यंत्रं, मोटारीचे ब्रेक, बँकेची खाती यांत कुठे ना कुठे प्रोसेसर आहेच. खरेदी करताना आपण वेग विचारतो, किंमत विचारतो. चुकीचं काही आत गेलं तर हे काय करतं, ते कुणी करून पाहिलं आहे का, हे विचारत नाही. माझं मत विचाराल तर यंत्राची पारख तिथेच होते. आणि मुद्दाम चुका करणारी माणसं कामाचा खोळंबा करतात असं समजून त्यांचे दिवस कापणारा साहेब माझ्याइतकाच दोषी आहे.

भाची निघताना म्हणाली, "मामा, सोमवारपासून नवी चिप आहे. पहिले चार दिवस सगळं नापास होणार." ती हे आनंदानं सांगत होती.