पऱ्हाट्यांचे बायोचार, प्लॅस्टिकचे तेल : करारावर सही करण्यापूर्वी हिशेब समजून घ्या

पालम तालुक्यात कपाशीची शेवटची वेचणी झाली की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. काही ठिकाणी ते पेटवले जातात. सोबत फाटका मल्चिंग पेपर आणि जुन्या ठिबकच्या नळ्याही आगीत जातात. आता याच कचऱ्याला ‘पायरोलिसिस’मुळे मागणी येईल, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण हिशेब तपासूनच पुढे जावे.

पायरोलिसिस म्हणजे काय?

हवा न लागू देता साधारण ३५० ते ५५० अंश सेल्सिअस तापमानाला पदार्थ तापवला की तो जळत नाही, त्याचे विघटन होते. काडीकचऱ्यापासून कोळसा (बायोचार), तेलकट द्रव आणि जळणारा वायू मिळतो. हळू तापवल्यास कोळसा जास्त, वेगाने तापवल्यास द्रव जास्त मिळतो. हा द्रव आम्लधर्मी असून त्यात पाणी बरेच असते. उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी मिळते.

हे तंत्र महाराष्ट्राला नवे नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा व कांडी कोळसा करण्याची भट्टी विकसित केली. त्यासाठी २००२ मध्ये संस्थेला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पाचटातून निघणारा वायूच भट्टीला उष्णता देतो, हे तिचे वैशिष्ट्य.

आता चर्चा का?

जानेवारी २०२५ मध्ये गुगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत बायोचारवर आधारित एक लाख टनांचे कार्बन क्रेडिट घेण्याचा करार जाहीर केला. बायोचारमधील कार्बन जमिनीत दीर्घकाळ टिकतो, म्हणून त्याला किंमत आहे. दुसरीकडे, औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत ठरावीक प्रमाणात बायोमास पेलेट जाळण्याचे केंद्राचे धोरण आहे. आपल्या शेजारी परळीचे केंद्र आहे. म्हणजे पऱ्हाटीला एकाहून अधिक वाटा आहेत.

एका एकराचा हिशेब

एका एकरातून साधारण एक टन पऱ्हाटी निघते. त्यापासून सुमारे २५० किलो बायोचार मिळतो. त्यातील कार्बनचे क्रेडिट वजावटी जाऊन ढोबळमानाने अर्धा टन कार्बन डायऑक्साइडइतके भरते. भट्टी, मजुरी, तपासणी आणि मध्यस्थ यांचा खर्च यातूनच जातो. त्यामुळे ‘एकरी लाखाचे’ आश्वासन कोणी दिले, तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. हाच कोळसा कांडी करून चुलीत जाळला, तर कार्बन पुन्हा हवेत जातो आणि क्रेडिट मिळत नाही.

जमिनीबाबतही सावध राहा. बायोचारचे ठळक फायदे मुख्यतः आम्लधर्मी, हलक्या जमिनीत दिसले आहेत. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आधीच जास्त आहे आणि बायोचार स्वतः विम्लधर्मी असतो. शिवाय प्रयोगांत साधारणपणे एकरी २ ते ४ टन मात्रा वापरतात. एका एकराच्या पऱ्हाटीतून तेवढी मात्रा जमायला आठ ते सोळा वर्षे लागतील. म्हणून आधी माती तपासा, बायोचार शेणखतात मुरवा आणि एक-दोन गुंठ्यांवर प्रयोग करा. नुसता बायोचार टाकल्यास सुरुवातीला नत्राची चणचण भासू शकते.

प्लॅस्टिकचे काय?

ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर पॉलिथिनचे असतात. त्यापासून तेल निघते. पुण्याच्या रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्युशनने जेजुरी येथे असे तेल काढून दाखवले आहे. मात्र पीव्हीसी पाइप त्यात गेल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू तयार होतो. त्यामुळे घरच्या पिंपात हा प्रयोग करू नका. असे तेल म्हणजे डिझेल नव्हे. ट्रॅक्टर किंवा पंपात वापरू नका. नळ्या माती झटकून, पीव्हीसीपासून वेगळ्या ठेवा आणि परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या.

सही करण्यापूर्वी विचारा

- पऱ्हाटी कोणत्या तारखेपर्यंत उचलणार? ढिगातील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते. उचल मे महिन्यावर गेली, तर अळीचा धोका तुमच्याच पुढच्या पिकाला.
- तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा? पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागेला मोठी. दूर नेली की भाडेच नफा खाते.
- दर वजनावर की एकरावर? ओलावा कसा मोजणार?
- कार्बन क्रेडिटचा हक्क कोणाचा? त्यातील वाटा करारात लिहिला आहे का?
- करार किती वर्षांचा? मध्येच पीक बदलता येईल का?

समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर श्रेडरने पऱ्हाटीचा भुगा करून, कुजवणारे जिवाणू-बुरशी संवर्धक वापरून शेतातच खत करणे हा खात्रीचा मार्ग आहे. कृषी सहायकांनी गावच्या बैठकीत हे पाच प्रश्न जरूर मांडावेत. एकट्याने सौदा करण्यापेक्षा शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीमार्फत केल्यास भाडे वाचते आणि दर ठरवताना शब्दाला वजन येते.