विश्लेषण : बँकेच्या एपीआयवरचा पहारेकरी कुठे उभा करायचा?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. त्यानंतर मोबाइल ॲप आणि यूपीआयमुळे सहकारी बँकांच्या यंत्रणेत शिरण्याच्या वाटा वाढल्या. त्यांवर पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर कुठे बसवायचे आणि कोणी सांभाळायचे, हा प्रश्न पुण्यातील मोठ्या बँकेइतकाच डहाणूसारख्या तालुक्यातील छोट्या बँकेचाही आहे.

कॉसमॉसमध्ये काय घडले?

एटीएममध्ये कार्ड घातले की खात्यात पैसे आहेत का, ही विचारणा ‘स्विच’मार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. बनावट स्विचच मंजुरी देत राहिला. हा एपीआयवरचा हल्ला नव्हता. पण वाट बदलली की जुन्या वाटेवरचा पहारा कुचकामी ठरतो, हा धडा इथेही लागू पडतो.

एपीआयला धोका कोणता?

एपीआय म्हणजे दोन प्रणालींनी एकमेकींशी बोलण्याची ठरलेली पद्धत. ॲपवर शिल्लक पाहताना ॲप एपीआयमार्फतच बँकेला विचारते. ‘ओवास्प’ संस्थेच्या २०२३ च्या यादीतला पहिला धोका असा : लॉग-इन स्वतःचे, पण विनंतीतला क्रमांक बदलून माहिती दुसऱ्याची मिळवायची. अशी विनंती वरकरणी नेहमीसारखीच दिसते.

पर्याय कोणते?

• वाटेत : प्रत्येक विनंती सॉफ्टवेअरमधूनच जाते. संशयास्पद विनंती तिथेच अडते. पण सॉफ्टवेअर बंद पडले तर व्यवहारही अडकू शकतात.

• बाजूला : विनंत्यांची फक्त प्रत तपासली जाते. व्यवहारांना धक्का लागत नाही; मात्र इशारा मिळेपर्यंत माहिती गेलेली असू शकते.

• ॲप्लिकेशनसोबत : प्रत्येक सर्व्हरवर छोटा प्रोग्राम बसतो. आतला संवादही दिसतो, पण देखभाल वाढते.

स्वतःचा सर्व्हर पुरेसा आहे?

ग्राहकांची माहिती बाहेर जात नाही, हा मोठा फायदा. पण सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि रात्री आलेला इशारा पाहणे हेही बँकेवरच येते. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

छोट्या बँकांची यंत्रणा अनेकदा पुरवठादाराकडेच असते. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर हल्ला झाला. एनपीसीआयने कंपनीला देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. म्हणून पहारा कोणाचा, हे करारातच स्पष्ट हवे.

मग निवड कशी करावी?

आधी आपल्या सगळ्या एपीआयची यादी करावी; विसरलेल्या एपीआयवर पहारा बसत नाही. सुरुवात बाजूच्या तपासणीने करावी. खोटे इशारे कमी झाले की पैसे पाठवण्याच्या वाटेवर अडवणारा पहारा आणावा. तो बंद पडला तर व्यवहार थांबवायचे की सोडायचे, हे संचालक मंडळाने आधीच ठरवावे. ऐन हल्ल्यात, मध्यरात्री तो निर्णय एकट्या कर्मचाऱ्यावर पडू नये.