पंच आणि दुकानदार



पत्ते म्हटले की आमच्या पिढीला मेंढीकोट, बदाम सात, झब्बू आणि (घरच्यांची नजर चुकवून) तीनपत्ती एवढंच आठवतं. बावन्न पाने, चार गडी आणि एक सतरंजी, संपला खर्च. त्यामुळे नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा माझा नातू दिवाळीच्या सुटीत घरी कुरखेड्याला आला आणि त्याने पत्ते विकत घ्यायला दहा हजार रुपये मागितले, तेव्हा घरात काय झालं असेल याची कल्पना तुम्हीच करा. त्याचे वडील एकदम उखडले. आजीने "जुगार" हा एकच शब्द उच्चारला आणि ती स्वयंपाकघरात गेली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. निम्मे म्हणतात, मोबाईलच काढून घ्या. निम्मे म्हणतात, हाच उद्याचा धंदा आहे, द्या त्याला पैसे. शेवटी प्रकरण माझ्याकडे आलं. मास्तर माणूस, कोणतीही गोष्ट समजून घेतल्याशिवाय तिला नापास करणं मला जमत नाही. म्हणून आधी खेळ समजून घेतला. आता माझं मत सविस्तर लिहितो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगायला नको.

तर हे पत्ते कागदाचे नाहीत. ते संगणकात असतात आणि कोणता पत्ता कोणाचा याची नोंद ब्लॉकचेन नावाच्या वहीत असते. या वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असल्यामुळे कोणाला एकट्याला त्यात खाडाखोड करता येत नाही. अशा खेळांपैकी 'स्प्लिंटरलँड्स' हा एक. तो २०१८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाला. त्यात एक सेनापती आणि त्याच्या हाताखाली जास्तीत जास्त सहा लढवय्ये अशी फौज मांडायची. प्रत्येक पत्त्याला एक किंमत असते, तिला 'माना' म्हणतात. प्रत्येक लढाईत एकूण मानाची मर्यादा ठरलेली. म्हणजे ठरलेल्या बजेटात बाजार करून आणायचा! समोरच्याची फौज दिसत नाही. तुम्ही ठरलेल्या वेळात तुमची मांडायची, त्याने त्याची, आणि मग लढाई आपोआप चालते. मध्ये काही करता येत नाही. उत्तरपत्रिका एकदा दिली की दिली, तसंच.

मांडणीतच सगळं कसब आहे. तलवार-भाल्यासारखी जवळून मारणारी माणसं साधारणपणे पहिल्या जागेवरूनच मारू शकतात. बाण मारणारा पहिल्या जागेवर उभा केला तर तो निकामी. जादूवाला कुठूनही मारतो आणि चिलखताला न जुमानता थेट जिवावर घाव घालतो. काही जण शेवटच्या गड्यावर मागून हल्ला करतात, काही सर्वांत अशक्ताला गाठतात. त्यात दर लढाईला नियम बदलतात. एखाद्या वेळी जादूला बंदी, एखाद्या वेळी बाणाला, एखाद्या वेळी फक्त स्वस्त पत्तेच चालतील. मला सर्वांत आवडला तो उलट्या वेगाचा नियम. त्यात सर्वांत मंद गडी सर्वांत आधी मारतो. सशा-कासवाची गोष्ट कोणीतरी नियम म्हणून लिहून ठेवली आहे बघा.

हे ऐकल्यावर "हा नुसता जुगार आहे" असं मला म्हणवत नाही. डोकं लागतं, अंदाज लागतो, समोरचा काय करेल याचा विचार लागतो. आमच्या आजीबाईंना हे पटणार नाही, पण ते असो.

खरा प्रश्न पुढे आहे. अशा खेळांत काही दिवसांनी एखादी फौज इतकी भारी ठरते की सगळे तीच मांडू लागतात. मग खेळाची मजा जाते. म्हणून चालवणारे लोक तोल सावरतात. भारी पत्त्याचे आकडे कमी करतात, पडून राहिलेल्याचे वाढवतात, किंवा काही स्पर्धा फक्त नव्या संचातल्या पत्त्यांपुरत्या ठेवतात. नातू म्हणाला, "आबाजी, तोल सावरला नाही तं खेळच मरते." त्याचं म्हणणं बरोबर आहे. जगातला प्रत्येक चांगला खेळ असाच घडला आहे.

आपली कबड्डीच घ्या ना. मंडईच्या दिवसांत आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र सामने चालतात, त्यामुळे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पूर्वी कबड्डीच्या तीन तऱ्हा होत्या. संजीवनीत गडी मारला की आपला एक मेलेला गडी जिवंत होतो. गामिनीत मेला तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजतात. यातली संजीवनी पुढे टिकली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. तिथपासून २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीपर्यंत नियम घासून पुसून घेतले गेले. आघाडीवर असलेला संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढतो, म्हणून आता दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणा नाहीतर बाद व्हा. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाई करणाऱ्याला पकडलं तर एक गुण जास्त, म्हणजे पडत्या संघाला थोडा आधार. हे सगळं तोल सावरणंच आहे, आणि त्याने खेळ रंगतदार झाला.

मग पत्त्यांच्या बाबतीत माझं पोट का दुखतं? सांगतो.

कबड्डीचा नियम बदलला तर गडी सराव करतो. चार महिने घाम गाळला की नवा नियम अंगात मुरतो. पत्त्याला सराव करता येत नाही. तो जसा छापला तसा, आणि कंपनीने त्याचा आकडा कमी केला की तो कमी. कबड्डीत नियम बदलल्याची किंमत घामात मोजली जाते आणि इथे ती रोख पैशात. ज्याने काल दोन हजाराला पत्ता घेतला, त्याच्या हातात आज तोच पत्ता असतो, चित्रही तेच असतं, पण मोल उरलेलं नसतं. वही मात्र चोख सांगते की पत्ता तुमचाच आहे!

नातू मला वारंवार सांगत होता, "आबाजी, ब्लॉकचेनवर आहे, कोणी हिरावून घेऊ शकत नाही." मी त्याला म्हटलं, बाळा, सातबारा माझ्या नावाचा आहे, तोही कोणी हिरावून घेत नाही. पण सातबारा पावसाची हमी देतो काय? इथे तर पाऊसही कंपनीच्याच हाती आहे.

दुसरं उदाहरण माझ्या पेशातलं. जून महिन्यात जुनी पाठ्यपुस्तकं अर्ध्या किमतीत विकली जायची. गरीब पोरांची त्यावर सोय व्हायची. ज्या वर्षी अभ्यासक्रम बदलायचा, त्या वर्षी तीच पुस्तकं रद्दीच्या भावात जायची. पुस्तकाचं एक पानही फाटलेलं नसायचं. पण कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेचा अभ्यासक्रम बदलणार हे आधी जाहीर व्हायचं, त्यामुळे शहाणे पालक त्या वर्षी जुनी पुस्तकं घेत नसत. बदलाला माझा विरोध नाही. तो आधी कळावा, त्याचं कारण कळावं आणि ज्याला झळ बसणार त्याला बोलायला जागा असावी, एवढंच.

ही शेवटची अट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा म्हणजे वाहतूक परवाना लागतो. ते परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज होता, पण व्यवहारात त्याच्याकडे लाकूड म्हणूनच पाहिलं जात होतं. बांबू तोच, जंगल तेच. तो लाकूड की वनोपज, या एका शब्दाच्या अर्थावर गावाची कमाई अवलंबून होती. तो अर्थ लावताना गाव भांडू शकलं, कारण गावाला बसून बोलायला सभा होती आणि सभेत प्रत्येक माणसाचं मोल सारखं होतं.

या पत्त्यांच्या खेळातही मतदान असतं असं नातू म्हणतो. स्प्लिंटरलँड्समध्ये 'एसपीएस' नावाची टोकन असतात, ती ज्याने जितकी गुंतवून ठेवली तितकं त्याच्या मताचं वजन. म्हणजे ज्याच्याकडे जास्त शेती त्याला ग्रामसभेत जास्त हात वर करायची परवानगी! काहीच नसण्यापेक्षा बरं, हे मी मान्य करतो. पण दहा हजार घेऊन शिरणाऱ्या पोराचा आवाज तिथे किती जाणार?

याचा पुढचा टप्पा फिलिपिन्समध्ये दिसला. 'ॲक्सी इन्फिनिटी' हा व्हिएतनामच्या 'स्काय मेविस' कंपनीचा खेळ. तीन प्राण्यांचा संघ, प्रत्येकाच्या अवयवांवरून ठरलेले पत्ते आणि जिंकल्यावर 'एसएलपी' नावाची टोकन. कोरोनाच्या काळात काम गेलेली हजारो माणसं तिकडे हा खेळ पोटासाठी खेळत होती. ज्यांना प्राणी विकत घेणं परवडत नव्हतं ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन खेळत आणि कमाईत वाटा देत, आपल्याकडच्या बटईसारखंच. टोकन खेळून रोज नवी निर्माण होत आणि मुख्यतः नवे प्राणी पैदा करायलाच खर्ची पडत. नवे खेळाडू येत राहिले तोवर भाव टिकला. २०२१ च्या जुलैमध्ये ३० सेंटच्या वर असलेलं टोकन २०२२ च्या सुरुवातीला एका सेंटच्या आसपास आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने रोजच्या कामगिरीवर मिळणारी टोकन बंद केली. खेळाच्या हिशेबाने हा बदल गरजेचा होता. पण ज्याची चूल त्या रोजच्या टोकनांवर पेटत होती, त्याला खेळाचा तोल घेऊन काय करायचं? त्यात मार्च २०२२ मध्ये त्या खेळाच्या जाळ्यावर दरोडा पडून सुमारे ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम चोरीला गेली.

मला खटकतं ते इथे. कबड्डीचा पंच गड्यांचे पाय विकत नाही. क्रिकेटचे नियम करणारे बॅटी विकून पोट भरत नाहीत. इथे मात्र नियम करणारा आणि पत्ते विकणारा एकच आहे. नवा संच खपायचा असेल तर जुना संच फिका पडणं त्याच्या सोयीचं असतं. तो तसं मुद्दाम करतो असा माझा आरोप नाही. तो माणूस कितीही सज्जन असो, पंचाच्या खुर्चीत दुकानदार बसला की प्रत्येक निकालावर संशय येणारच. ही खोट माणसाची नाही, मांडणीची आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैसे लावून पैसे मिळवण्याच्या खेळांवर बंदी आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. आणि पैसे म्हणजे नुसत्या नोटा नव्हेत, विकत घेतलेली टोकनही त्यात येतात. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला आहे. तरी कमाईसाठी या वाटेने जाणाऱ्याने हे आधी वाचावं.

आता निकाल. मोबाईल काढून घ्या म्हणणाऱ्यांना माझा नकार आहे. ठरलेल्या बजेटात फौज मांडणं, समोरच्याचा डाव ओळखणं, नियम बदलला की मांडणी बदलणं, हे शिकण्यासारखं आहे. धंदा म्हणून पैसे द्या म्हणणाऱ्यांनाही नकार. नातवाला मी दहा हजार दिले नाहीत. त्याला म्हटलं, झाडीपट्टीच्या नाटकाचं तिकीट काढतो तेवढे पैसे तुझ्या खर्चातून घाल आणि ते नाटकाच्या तिकिटासारखे संपले असं समज. खेळ रंगला तर पैसे फिटले. पत्ते भाड्याने मिळतात असं तूच म्हणतोस, तर भाड्याने घेऊन खेळ. मांडणीची अक्कल तुझी आहे, तिचे आकडे कोणतीच कंपनी कमी करू शकत नाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आबाजी, चांगल्या पत्त्यांशिवाय वरच्या पातळीवर जिंकता येत नाही ना." खरं आहे ते. आणि याच कारणासाठी त्याने वरच्या पातळीवर जाऊ नये असं मला वाटतं. त्याला ते अजून पटलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा वाद होईल, होऊ दे.

नागपूर-पुण्याच्या मंडळींनी आणि लेखणीच्या मित्रांनी आपापली मतं जरूर कळवावीत. विशेषतः ज्यांच्या घरात असा एखादा सेनापती आहे त्यांनी.