काच शाबूत, पण आतला सेल? वादळानंतर सौर पंपाचे पॅनेल असे तपासा

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आणि पीएम-कुसुम योजनांमुळे राज्यात सौर पंप झपाट्याने बसत आहेत. कार्ले आणि मावळातही भात निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला, कडधान्य घेणाऱ्यांना त्याचा आधार आहे. योजनेची चर्चा मात्र किती पंप बसले, इथेच थांबते. बसलेले पॅनेल पूर्ण ताकदीने चालते का, हे तुम्हालाच पाहावे लागेल.

तडा कुठे जातो?

पॅनेलवरची काच साधारण ३.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्याखालचा सिलिकॉनचा सेल मात्र ०.२ मिलिमीटरपेक्षाही पातळ आणि ठिसूळ असतो. वाऱ्याच्या झोताने काच किंचित वाकते आणि सरळ होते. सेललाही तिच्याबरोबर वाकावे लागते आणि त्यात केसासारखा तडा जातो. काच शाबूत राहते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही.

सुरुवातीला वीज फारशी घटत नाही. पुढे दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांनी सेल प्रसरण-आकुंचन पावतो, तडा रुंदावतो आणि सेलचा तुकडा विजेच्या वाटेपासून तुटतो. पंपाची पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात. त्यामुळे एका सेलची कमजोरी साखळीतल्या बाकीच्यांनाही भोवते. तो सेल तापून काळा डागही पडू शकतो.

चाचणी पास, मग तडा का?

प्रमाणित पॅनेलची चाचणी २,४०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४५ किलो भाराने होते. २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने आदळूनही पाहतात. पण हा भार सगळ्या पॅनेलवर सारखा पसरलेला असतो. पुसताना ठेवलेला पाय, माकडाची उडी, डोक्यावरून वाहून नेताना बसलेला बाक किंवा अति आवळलेला क्लॅम्प यांचा भार एकाच जागी येतो. म्हणून पुष्कळ तडे पंप सुरू होण्याआधी, वाहतुकीत आणि बसवतानाच पडतात.

मावळाला वाऱ्याचा अनुभव नवा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या पॉलिहाऊसचे मोठे नुकसान झाले होते. फाटलेला कागद लगेच दिसला, पंचनाम्यात आला. सेलमधला तडा तसा दिसत नाही, आणि न दिसलेल्या नुकसानीची भरपाई कोण मागणार?

तुम्ही काय कराल?

- पंप बसल्यावर पॅनेल स्वच्छ पुसून, निरभ्र दुपारी १२ वाजता कंट्रोलरवरील वॅटचा आकडा वहीत लिहा. दर महिन्याला आणि वादळानंतर पुन्हा लिहा. नुसत्या पाण्याच्या धारेवर विसंबू नका. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेल्यानेही धार बारीक होते.
- सेलवर गोगलगाय सरपटल्यासारखी तपकिरी रेघ दिसली, तर तिथे बहुधा तडा आहे. फोटो काढून ठेवा.
- तंत्रज्ञाला प्रत्येक पॅनेलचा व्होल्टेजच नव्हे, करंटही मोजायला सांगा. तडा असूनही व्होल्टेज ठीक दिसू शकतो. थर्मल कॅमेरा असेल तर तापलेला सेल लगेच सापडतो.
- पॅनेलवर पाय देऊ नका, ओझे ठेवू नका. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, सकाळी धुवा.
- पावसाळ्यापूर्वी सांगाड्याचे सैल नटबोल्ट कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्या.
- उन्हात पॅनेलच्या वायरी स्वतः सोडवू नका, विजेचा जबर धक्का बसू शकतो.

मुदत लक्षात ठेवा

‘मागेल त्याला’ योजनेत तुमचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के असतो. विम्यासह पाच वर्षांची दुरुस्ती हमी त्यातच आहे. २०२५ मध्ये बसलेल्या पंपाची ही मुदत २०३० मध्ये संपेल, पॅनेलकडून मात्र पंचवीस वर्षांची अपेक्षा असते. आज पडलेला तडा सहाव्या वर्षी उघड झाला, तर खर्च तुमच्या खिशातून जाईल.

म्हणून आकडा घसरला की कंपनीकडे आणि महावितरणकडे लेखी तक्रार करा, पोच जपून ठेवा. विस्तार कार्यकर्त्यांनीही गावभेटीत पंप सुरू आहे का एवढेच न विचारता, दुपारचा आकडा किती, हे विचारावे. वहीतल्या नोंदीच तक्रारीला पुरावा ठरतील.